खाडीवर कधी यावं? आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'डिसेंबरात एका रविवारी दुपारी ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलो. दोन बगळे, एक घार आणि लांब वाशी पुलाच्या दिशेला गुलाबी रेघ, एवढंच दिसलं. मग फ्लेमिंगो नक्की कधी दिसतात? ते नसताना खाडीत काय असतं? आणि पक्षी आपोआप येतात, आपोआप जातात, तर अभयारण्यात संवर्धन म्हणून नेमकं करतात काय?'

गेली बरीच वर्षं मी या खाडीच्या दोन्ही काठांवर पक्षी मोजतो आहे, त्यामुळे तिसरा प्रश्न वाचून आधी थोडा राग आला आणि मग लक्षात आलं की तोच सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांशिवाय तो समजणार नाही.

तुमचा महिना थोडा लवकरचा होता, पण खरी चुकली ती वेळ. तुम्ही म्हणता त्यावरून पूर्ण भरतीला बोट निघाली असणार. खाडी तुडुंब भरलेली असते तेव्हा चिखल पाण्याखाली जातो, आणि चिखल नसेल तर रोहितांना तिथे उभं राहायला जागा आणि खायला अन्न दोन्ही नसतं. (आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात, मी सवयीने रोहित म्हणतो.) पूर्ण ओहोटीला उलट अडचण. चिखल मैलभर उघडा पडतो, पक्षी त्यावर विखुरतात, आणि बोटीला मधल्या धारेतून बाहेर पडता येत नाही. तुम्हाला हवी असते ती मधली वेळ, भरती पूर्ण व्हायच्या दोन-अडीच तास आधीची. पाणी चढत जातं तशी चिखलाची पट्टी अरुंद होते आणि हजारो पक्षी त्या पट्टीवर दाटीवाटीने काठाकडे सरकत येतात. आपण काही न करता पक्षी आपल्याकडे येतात.

ही वेळ काढायला अ‍ॅप लागत नाही. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट करतील. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. मिनिटाला मिनिट जुळत नाही, आणि हा अंदाज मुंबई बंदराचा आहे. पाणी आत ऐरोलीपर्यंत चढायला थोडा आणखी वेळ घेतं. पण सहल ठरवायला एवढं पुरे. त्रयोदशी-चतुर्दशीला सकाळी साडेसात-आठला बोटीत असाल तर उन्हं तिरपी, पाणी चढतं, आणि पक्षी जवळ.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाणी पार कांदळवनाच्या आत शिरतं आणि नंतर तितकंच लांब हटतं. भांगाला ते ना पुरतं चढत ना पुरतं उतरत. भांगाच्या दिवसांत वरचा चिखल भरतीतही थोडा उघडा राहतो, त्यामुळे पक्षी कुठेही रेंगाळतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता महिने. पावसाळा संपायच्या आतच पहिले पाहुणे येतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. ऑगस्टमध्ये, छत्री हातात असतानाच, मध्य आशियातून सँड प्लोव्हर उतरू लागतात. हे चिखल्यांच्या कुळातले, मुठीत मावतील एवढे. काहींच्या छातीवर विणीच्या हंगामाचा तांबूस पट्टा अजून पुसट दिसत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्ल्यू सँडपायपर, तुतवार, ब्लॅक टेल्ड गॉडविट म्हणजे मालगुजा. नोव्हेंबरात कुरव येतात, थापट्या आणि तलवार बदकं येतात, कांदळवनावरून दलदलीतला भोवत्या तिरका तरंगताना दिसतो, आणि एखाद्या खांबावर ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी मासा पकडून बसलेला असतो. रोहितांच्या पहिल्या तुकड्या नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, पण भर येतो तो जानेवारीनंतर. लोक डिसेंबरच्या सुट्टीत येऊन निराश होतात आणि एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरून येत नाहीत. खरं तर मार्च ते मे हे खाडीचे सगळ्यांत भरलेले महिने.

आणि मार्च-एप्रिलमध्ये जे घडतं त्यासाठी मी रोहितांकडे पाठ करूनसुद्धा बसेन. हिवाळाभर मळकट राखाडी दिसणारे वेडर, म्हणजे चिखलात चालत खाणारे हे पक्षी, रंग बदलू लागतात. मालगुजाची मान आणि छाती विटकरी होते. कर्ल्यू सँडपायपर तर पोटापर्यंत गंजलेल्या लोखंडासारखा लाल होतो. सँड प्लोव्हरच्या छातीवर तो केशरी पट्टा परत चढतो. त्याच दिवसांत हे पक्षी अधाशासारखे खातात, चरबी साठवतात, इतके गुबगुबीत होतात की उडताना फरक कळतो. मग एका संध्याकाळी थवा खूप उंच चढतो, नेहमीपेक्षा वेगळा आवाज करतो, आणि दुसऱ्या दिवशी चिखल अर्धा रिकामा असतो. कर्ल्यू सँडपायपर इथून सैबेरियाच्या उत्तर टोकापर्यंत जातो. हातात मावणारा पक्षी, ऐरोलीच्या गाळावर पोसलेला.

रोहितांचं सांगायचं तर इथे दोन्ही जाती आहेत. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित बुटका, जास्त गडद, चोच काळपट लाल. ठाणे खाडीत लहान रोहितच बहुसंख्य. दोघंही डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलून गाळतात, पण चाळणी वेगळी. मोठ्याची जाड, त्यात झिंग्यांसारखे छोटे जीव आणि अळ्या अडकतात. लहानाची इतकी बारीक की सूक्ष्म शेवाळही सुटत नाही. म्हणून दोघं एकाच चिखलावर एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवतात. गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. राखाडी पिल्लं दिसली तर ती आजारी समजू नका. रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात.

हे एवढे रोहित मुंबईत आले ते १९९०च्या दशकात, आधी शिवडी-माहुलच्या चिखलात. कारण बोलायला जरा अवघड आहे. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं, आणि शेवाळावर लहान रोहित. लोक हे ऐकून खूश होतात, 'म्हणजे प्रदूषणाने फायदाच झाला की!' तसं नाही. त्याच पाण्यातून जड धातू आणि तेलही येतं, आणि गाळ जमत जातो तशी खाडी उथळ होत जाते. पक्षी आले म्हणजे जागा निरोगी असतेच असं नाही. इथे जेवण आहे, एवढाच त्याचा पुरावा.

जूनमध्ये पाऊस लागला की रोहित जातात. विणीची त्यांची मोठी जागा कच्छच्या रणात आहे आणि ते पावसाच्या पाण्यावर अवलंबून असतात. २०२२ मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) काही रोहितांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर त्यातले काही गुजरातेत पोचलेले नकाशावर दिसले. तोवर सगळे अंदाजच होते.

मग पावसाळ्यात काय? तुम्ही 'काही नसतं' असं गृहीत धरलंय, म्हणून सांगतो. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला शांत बसा. निवट्या, हे चिखलावर चालणारे मासे, पाठीवरचे पर उभारून उड्या मारत भांडतात. ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून पाण्याबाहेर तासन् तास राहतात. एक नांगी अंगाइतकी मोठी असलेले छोटे नर खेकडे ती नांगी हलवत माद्यांना बोलावतात. तिवरांना फळं धरतात. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि गाळात पडलं की उभं राहतं. पहाटे कोल्हा दिसू शकतो. हो, मुंबईच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत, खेकड्यांवर मजेत जगतात. फोटो बोटीतून येणार नाही, पण चिकाटी असेल तर दर्शन होतं.

आता तिसरा प्रश्न. पक्षी आपोआप येतात, मग तुम्ही करता काय?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला जवळपास १७ चौरस किलोमीटरचा भाग. निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, बाकी पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये त्याला आणि भोवतालच्या पट्ट्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नकाशावर हे छान दिसतं. पण वर मी म्हटलं ते आठवा: पूर्ण भरतीला, विशेषतः उधाणात, अभयारण्यातला सगळा चिखल बुडतो. मग ते हजारो पक्षी जातात कुठे?

ते जातात नवी मुंबईच्या तळ्यांवर. सीवुड्सची टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळची, नेरूळची, उरणकडे पाणजे, खाडीच्या अलीकडे भांडुप पंपिंग स्टेशन. गुडघाभर पाणी, मोकळं आकाश, चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशी जागा. तिथे पाच-सहा तास एका पायावर उभं राहून झोपतात, पिसं साफ करतात आणि पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणजे दिवसातून दोनदा ते अभयारण्य सोडतात. यातली बरीचशी तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत, आणि बांधकामाच्या नजरेने पाहिलं तर 'रिकामी' जमीन आहेत. आमच्या भांडणांपैकी बहुतेक या तळ्यांवरून होतात. अभयारण्य म्हणजे पक्ष्यांचं स्वयंपाकघर. झोपायची खोली दुसऱ्याच्या नावावर आहे.

झोपायची खोली गेली तर काय बिघडतं? पक्षी दुसरीकडे जाईल, असं लोक म्हणतात. जाईल, पण जास्त लांब, दिवसातून दोनदा, जाताना-येताना. मालगुजाने मार्चमध्ये साठवायची चरबी तो रोजच्या येरझाऱ्यांत जाळतो. तो इथे मरून पडलेला दिसत नाही, म्हणून नुकसान कुणाच्या डोळ्यावर येत नाही. प्रवासाच्या तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी कमी पडतो.

त्यामुळे आमचं काम बरंचसं प्लंबरचं आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल. या तळ्यांत भरतीचं पाणी एखाद्या नाल्यातून किंवा पाइपातून येतं. तो तुंबला, भरावाखाली गेला, झडप बंद राहिली, की दोनपैकी एक होतं. तळं आटतं किंवा पाणी एका पातळीवर साचून शेवाळ कुजतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी येणं बंद झालं, तळं कोरडं पडलं आणि रोहित दगावले. तेव्हा टीव्हीवर सगळीकडे दाखवलं. जे दाखवलं नाही ते असं की भरती-ओहोटीची वाट मोकळी आहे ना, हे बघायला कुणीतरी महिन्यातून दोनदा, उधाणाच्या दिवशी, तिथे जाऊन काठी बुडवून पाणी मोजतं. कंटाळवाणं काम आहे. फोटो येत नाही.

दुसरं काम झाडं न लावण्याचं. इथे मी शिव्या खातो. दर पावसाळ्यात एखादा गट उत्साहाने येतो, 'आम्हाला कांदळवन लावायचंय', आणि बोट दाखवतो उघड्या चिखलाकडे, कारण जागा तीच मोकळी दिसते. अहो, ती मोकळी नाही, ते ताट आहे. गाळ साचून चिखल उंच होतो तसं तिवर स्वतःच पुढे सरकतंय. ठाणे खाडीत कांदळवन वाढतंय आणि चिखल आक्रसतोय. जिथे कांदळवन तोडलं गेलं, डेब्रिज टाकलं गेलं, तिथे जरूर लावा. पण तिथेही आधी डेब्रिज काढून भरतीला वाट करून द्या. पाणी पोचलं तर बी आपोआप येऊन रुजतं आणि रोपवाटिकेची गरजसुद्धा कमी लागते. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण बऱ्यापैकी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर आणि भोवतीच्या ५० मीटरमधल्या बांधकामावर बंदी घातली, २०१२ पासून वनविभागाचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. चिखलाला असा कुणी वाली नाही. हिरवं नसलेल्या गोष्टीसाठी मोर्चा निघत नाही.

तिसरं, मोजणी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, त्याशिवाय आमची महिन्याची मोजणी असते. हजारो पक्षी एकेक मोजत नाहीत. दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं, मग शंभराचा ठोकळा, मग तो ठोकळा थव्यावर ठेवत जायचा. नवखा माणूस नेहमी कमी मोजतो. अनुभवी माणूस वेगळी चूक करतो, आणि ती मी स्वतः केली आहे. एकदा सकाळी खाडीत मोठा थवा मोजला, जेवून एका तळ्यावर गेलो, तिथला थवा मोजला, दोन्हींची बेरीज करून पाठवली. मधल्या वेळात भरती झाली होती आणि मी तेच पक्षी दोनदा मोजले होते. आकडा इतका सुंदर आला की मला शंकाच आली नाही. शंका आली ती तक्ता बघणाऱ्या एका शिकाऊ मुलीला. तेव्हापासून आम्ही फक्त उधाणाच्या भरतीला, सगळ्या तळ्यांवर एकाच वेळी माणसं उभी करून मोजतो. भांगाला मोजत नाही, कारण तेव्हा निम्मे पक्षी तळ्यावर येतच नाहीत. २०१९ च्या जानेवारीत बीएनएचएसच्या मोजणीत लाखावर रोहित भरले, त्यामागेही अशी एकाच वेळची माणसं होती.

चौथी गोष्ट उजेड आणि तारा. रोहित रात्रीही उडतात, भरती रात्रीही होतेच. तळ्याच्या काठावरचे झगझगीत दिवे, काचेच्या इमारती, आडव्या तारा यांवर ते आपटतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरत्या विमानाची धडक बसून ३० हून अधिक रोहित मेले. एका घटनेचं कारण छातीठोक सांगणं बरं नाही, पण रात्री मे महिन्यात एवढा थवा उठला होता, आणि थवा कधी भरतीने उठतो, कधी त्याला कुणीतरी उठवलेलं असतं.

कोळ्यांबद्दल एकच सांगतो. अभयारण्य झालं तेव्हा दिवा, वाशी, भांडुपच्या होड्यांना वाटलं आता चिंबोऱ्या आणि निवट्या धरायलाही परवानगी लागणार. तो राग खरा होता आणि पूर्ण गेलेला नाही. ऐरोलीच्या बोटी आज बऱ्याच अंशी गावातलीच पोरं चालवतात आणि पक्षीही तीच दाखवतात, त्यामुळे थोडा निवळला. मला अजूनही गाळाची खोली कुठे बदलली हे कळतं ते त्यांच्याकडूनच, कुठल्याही अहवालाच्या सहा महिने आधी.

तुमच्या पुढच्या खेपेसाठी: फेब्रुवारी ते एप्रिल, शुक्ल किंवा वद्य पक्षातली त्रयोदशी-चतुर्दशी, सकाळी. बोट आरक्षित करताना त्या दिवशीची भरती विचारा आणि भरतीच्या आधीची फेरी मागा. 'कुठलीही चालेल' म्हणालात तर पुन्हा दोन बगळे आणि एक घार. बोटवाल्याला पक्ष्यांच्या जवळ न्यायला सांगू नका. थव्यातल्या माना एकदम उंच झाल्या, सगळे एकाच दिशेला चालू लागले, की अंतर संपलं, तिथेच थांबायचं. ड्रोन घरी ठेवा. फोटो काढताना वेडरच्या पायांकडे बघा. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी आणि त्यावर अक्षरं-आकडे दिसले तर रंगांचा क्रम, वरचा कुठला आणि खालचा कुठला, डावा पाय की उजवा, तारीख आणि जागा लिहून बीएनएचएसकडे पाठवा. अंधुक फोटोही चालतो, पाय दिसला पाहिजे.

आणि मोजायला यायचं असेल तर उधाणाच्या दिवशी या, भर दुपारी, टोपी आणि दोन लिटर पाणी घेऊन. पहिल्या दिवशी दुर्बीण देणार नाही, काठी देईन. नेरूळला नाल्याच्या तोंडाशी उभं राहून दर पंधरा मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिहायचं आहे.